संगीतशिक्षकाची पदवी आणि संगीतशिक्षकाचे पद

संगीतशिक्षकांच्या पदव्युत्तर शिक्षणाची चर्चा नेहमी विद्यापीठाच्या बाजूने होते. अभ्यासक्रमात शास्त्र किती असावे आणि प्रत्यक्ष गायन-वादन किती, यावर परिसंवाद झडतात. धर्माबादच्या बाजूने पाहिले म्हणजे निराळाच प्रश्न पुढे येतो. या पदवीचा खर्च कोणी सोसावयाचा, आणि ती मिळाल्यावर उभे राहावयाचे कोठे?

धर्माबाद हे नांदेड जिल्ह्याचे तेलंगणाच्या सीमेवरील टोक. मिरचीच्या बाजारपेठेसाठी ते प्रसिद्ध आहे. समजा, येथील एखाद्या हमालाच्या मुलीला भजनात गाता गाता संगीताची ओढ लागली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्यावयाच्या तर प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या, त्यापुढे अलंकाराच्या दोन. वर्षाला एक धरली तरी नऊ वर्षे झाली. विद्यापीठाची वाट धरली तर बी.ए. आणि एम.ए. मिळून किमान पाच वर्षे, आणि त्यासाठी उमरी-मुदखेडमार्गे नांदेडच्या फेऱ्या. शुल्क, प्रवास, हार्मोनियम हे खर्च दिसतात तरी. पण या वर्षांत घराची बुडणारी मजुरी हाच गरिबाच्या शिक्षणाचा सर्वांत मोठा खर्च असतो, आणि तो कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

एवढे करून तिच्या पदरी काय पडते? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाचा निदेशक आहे. पण तो अंशकालीन, आणि तोही पट शंभरावर असेल तेथेच. चित्र, नृत्य, नाट्य, संगीत हे सारे त्या ‘कला’ या एका शब्दात कोंबलेले. महाविद्यालयात जावे तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण आणि वर नेट किंवा सेट हवी. तेही पार पडले तरी अनेकांच्या वाट्याला येते ती तासिका तत्त्वावरची नेमणूक. पात्रता पूर्णवेळाची, नेमणूक तासांची! बासरच्या सरस्वतीपुढे मुलांचा अक्षरारंभ करावयास मराठवाड्यातून धर्माबादवरूनच माणसे जातात. देवीच्या हातातील वीणेची आठवण शिक्षण खात्याला कोणी करून द्यावी?

हा पेच जुनाच आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ साली ते मुंबईत आले. संगीतशिक्षकाला समाजात मानाने जगता यावे म्हणून त्यांनी उपदेशक वर्ग चालविला, त्यात शिक्षक घडविले. परंतु मुंबईतील विद्यालयाची इमारत अखेर कर्जापायी लिलावात गेली. शिक्षक घडविण्याचा भार एकट्या माणसाच्या मैफिलींवर आणि देणग्यांवर टाकला की असे होते. नांदेडला आण्णासाहेब गुंजकरांनी आणि पुढे औरंगाबादेत त्यांचे शिष्य नाथराव नेरळकर (निधन २०२१) यांनी विद्यार्थी घडविले, त्यातही व्यवस्थेपेक्षा व्यक्तीचे कर्तृत्वच मोठे होते.

‘गुरू असला की पुरे, पदवी कशाला?’ असे म्हणणारे बहुधा ज्यांच्या घरातच गुरू आहे असे असतात. शिवाय गुरू निवडक शिष्यांना गाणे शिकवितो. शाळेतील शिक्षकापुढे पन्नास-साठ मुले असतात. कोणाचा आवाज फुटत असतो, कोणाला सूर सापडत नाही, कोणी लाजेने तोंडच उघडत नाही. हे सांभाळणे ही वेगळी विद्या आहे आणि ती शिकावीच लागते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली प्रयोगकलांच्या शिक्षकांसाठी दोन वर्षांच्या पदविकेचे निकष केले, ते योग्यच होते. मात्र पदाशिवाय पदविका म्हणजे बेकारांच्या यादीत आणखी एक रकाना.

तेव्हा मागणीचा क्रम उलटा करावयास हवा. आधी पद. एका केंद्रातील दहा-बारा शाळांना मिळून एक पूर्णवेळ, वेतनश्रेणीतील संगीतशिक्षक देणे राज्याच्या तिजोरीला जड नाही. मग त्याच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी पगारी रजा. आणि ज्या गोंधळ्याच्या किंवा वाघ्याच्या मुलाकडे पिढीजात ताल आहे, त्याची प्रत्यक्ष परीक्षा घेऊन ते ज्ञान पदवीच्या श्रेयांकांत धरले जावे. त्याने पहिल्या मात्रेपासून शुल्क का भरावे?

कार्यकर्त्यांना यासाठी मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. तालुक्यातील शंभरावर पटाच्या किती शाळांत कलानिदेशक आहे, वर्षातले किती महिने आहे, त्याला तासाला काय मिळते आणि किती महिन्यांनी मिळते, एवढी माहिती पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून प्रथम मागवावी.