अनोळखी धक्क्यापाशी

नवरा-बायको दोघांनीच शिडाची नौका घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने जायचे आणि त्याची हकीकत लिहायची, हा इंग्रजीतला एक रुळलेला लेखनप्रकार आहे. एरिक आणि सुझन हिस्कॉक या दांपत्याने १९५२ ते १९५५ या काळात ‘वाँडरर थ्री’ या तीस फुटी नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि तिच्यावरील पुस्तकाने पुढे अनेकांना समुद्राची वाट दाखवली. असे लेखन वाचताना मला नेहमी जाणवते, की खरी धाकधूक वादळात नसते, ती अनोळखी मरिनात शिरताना असते. भर समुद्रात चूक सावरायला जागा असते, धक्क्यापाशी नसते. एकाने सुकाणू धरायचे, दुसऱ्याने दोर घेऊन पुढे उभे राहायचे. मग धक्क्यावरचा कुणी अपरिचित माणूस तो दोर झेलतो आणि प्रवास संपतो. निघणे आपल्या हाती असते. पोहोचणे मात्र काही अंशी त्या माणसाच्या हाती असते.

तलासरी तालुक्यातल्या झरीच्या परिसरात मरिना नाही. किनाऱ्यावर झाईचे बंदर आहे, मासेमारीच्या होड्या आहेत, भरती-ओहोटीचे वेळापत्रक आहे. पण इथून गुजरातची सीमा ओलांडली की संजाण लागते, आणि अनोळखी बंदरात पोहोचण्याची आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध कथा तिथलीच आहे. इराण सोडून आलेले जरथुश्त्री दीवला काही वर्षे राहिले आणि तिथून पुन्हा शिडे उभारून संजाणला उतरले. नवसारीचे धर्मगुरू बहमन कैकोबाद यांनी १५९९ मध्ये ‘किस्सा-इ-संजाण’ या फारसी काव्यात ही परंपरा नोंदवली. घटना आणि काव्य यांत कित्येक शतकांचे अंतर आहे, त्यामुळे त्याला इतिहासाचा कागद मानता येत नाही. परंपरेने काय जपले, याची साक्ष मात्र ते देते.

आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुधात साखरेची. राण्याने दुधाने काठोकाठ भरलेले भांडे पाठवले, पाहुण्यांनी त्यात साखर विरघळवली. ही गोष्ट ‘किस्सा’त नाहीच. तिथे वादळ आहे, सुखरूप पोहोचलो तर पवित्र अग्नीची स्थापना करू हा नवस आहे, परक्यांना पाहून धास्तावलेला जादी राणा आहे. तो प्रश्न विचारतो आणि अटी घालतो: तुमचा धर्म समजावून सांगा, इथली भाषा बोला, स्त्रियांनी इथला वेष घ्यावा, शस्त्रे खाली ठेवा, लग्ने सायंकाळी लावा.

साखरेच्या गोष्टीने ही प्रश्नोत्तरे झाकली, हे मला नुकसानीचे वाटते. गोड गोष्टीत कोणी भीत नाही आणि कोणाला काही सोडावेही लागत नाही. ‘किस्सा’त यजमानाची भीती उघड आहे आणि पाहुण्याने मोजलेली किंमतही. त्या अटी सौम्य नव्हत्या. वेष बदलायचा होता तो स्त्रियांना. बोलणी मात्र राणा आणि धर्मगुरू यांच्यात झाली. तरीही दोर झेलण्यापूर्वी किनाऱ्याने तोंड उघडले, हे महत्त्वाचे.

आज याच किनाऱ्यावर, डहाणूजवळ वाढवण येथे, एक अवाढव्य बंदर येत आहे. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने तिथल्या बंदराला नकार दिला होता. जुलै २०२३ मध्ये अटींसह संमती दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पाची पायाभरणी झाली. मच्छीमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे. समर्थक रोजगाराचे आणि व्यापाराचे चित्र रंगवतात. ते सारे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण ते मला पुन्हा साखरेच्या गोष्टीसारखे वाटते. कोणाची जाळी कुठे टाकायची, याचे उत्तर त्यात नाही. अटी घातल्या गेल्या हे खरे. त्या घालताना समुद्रावर पोट असलेल्यांचा शब्द किती होता, हा माझा प्रश्न आहे.

अनोळखी धक्क्यापाशी आलेली दोघांची लहानशी नौका वेग कमी करते आणि विचारते, कुठे बांधू? किनाऱ्याने सांगितलेली जागा ती घेते. एवढी रीत मोठ्या बंदरानेही पाळायला हवी.