रेंडरआधी ऊन मोजा

जळगाव-धुळ्याकडची आर्किटेक्चरची मुलं पहिल्याच वर्षी घरी महागड्या लॅपटॉपसाठी गळ घालतात. कपाशीचे पैसे हातात आले की वडील घेऊनही देतात. मग त्याची सगळी ताकद जाते कशात? चकचकीत रेंडरमध्ये, म्हणजे इमारतीच्या संगणकी चित्रांत. पश्चिमेला अख्खी काचेची भिंत, समोर हिरवळ; तीही मे महिन्यात ४५ अंशांपुढे जाणाऱ्या जळगावात! मला हे मुळीच पटत नाही.

मी शिकवतो त्या स्टुडिओत मुलांना आधी एनर्जीप्लस उघडायला लावतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या निधीतून झालेलं, इमारतीतल्या उष्णतेचा हिशेब मांडणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या संगणकावर चालतं. एकच खोली घ्यायची. तिच्यावर एकदा काँक्रीटचा स्लॅब, एकदा आपलं खानदेशी मातीचं धाबं टाकायचं आणि आतलं तापमान तासातासाला वाचायचं. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. उन्हाळ्यात भरदुपारी सूर्य जवळपास डोक्यावर. छत आणि पश्चिमेची भिंत हेच खरे वैरी, हे मुलांना आकड्यांत दिसतं.

ज्युरीत, म्हणजे कामाच्या परीक्षणात, गुण तासातासाच्या या तापमानाच्या आलेखाला मिळावेत. आणि रेंडरपुरते चार दमदार संगणक कॉलेजांनी रात्रीही खुले ठेवावेत, म्हणजे लॅपटॉपपायी कुणाच्या घरावर कर्ज चढणार नाही.