टेरिअर घ्यायचाय? आधी आपली रूम बघा!

गेल्या वर्षी आमच्या आर्वी नाक्याजवळच्या रूमवर एक जॅक रसेल टेरिअर आला. रूममेटच्या वाढदिवसाला ग्रुपने कॉन्ट्री काढून दिलेला. त्यात माझेही पैसे होते, हे आधीच सांगून टाकते. पांढराशुभ्र, एका कानावर तपकिरी डाग, ओंजळीत मावेल एवढा. त्या रात्री सगळ्यांच्या स्टेटसवर तोच!

विकणारा म्हणाला होता, पिल्लू दोन महिन्यांचं आहे. डॉक्टरांनी दात बघितले आणि म्हणाले, जेमतेम पाच आठवड्यांचं असेल. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७च्या नियमांनुसार बंदी आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. पैसे देऊन झाल्यावर.

तीन महिन्यांत त्याने गादीचा कापूस काढला, घरमालकीण काकूंचा मोगरा मुळासकट उकरला आणि खारीच्या मागे कंपाउंडवर चढला. आम्ही क्लासला गेलो की दिवसभर भुंकायचा. काकूंनी आधी समजावलं, मग सरळ सांगितलं, ‘‘पोरींनो, तो तरी राहील नाहीतर तुम्ही.’’ आम्ही त्याला बदमाश म्हणायचो. खरं तर तो बिचारा त्याचं काम करत होता.

‘टेरिअर’ या नावातच जमीन आहे. लॅटिनमध्ये टेरा म्हणजे जमीन. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या जॉन रसेल नावाच्या पाद्र्याने एकोणिसाव्या शतकात कोल्ह्याच्या शिकारीसाठी हे कुत्रे जोपासले. बिळात एकट्याने शिरायचं, वरच्या माणसांना ऐकू जाईल असं भुंकायचं आणि आत काय करायचं ते स्वतःच ठरवायचं. तुमचं ‘सिट, सिट’ तो का ऐकेल? रीलमध्ये टेडीबेअरसारखा दिसणारा यॉर्कशायर टेरिअरही मुळात गिरणी कामगारांचा, उंदीर मारणारा. आपल्या हिंगणघाटचा कापूस जहाजाने इंग्लंडला जायचा, त्याच काळातली ही गोष्ट. आजोबांच्या जुन्या रेकॉर्डवर भोंग्यापुढे कान लावून बसलेला निपर, तोही टेरिअरच्याच कुळातला. एवढा शांत बसलेला टेरिअर मी फक्त त्या चित्रातच पाहिलाय.

टेरिअर वाईट नसतोच. हुशार, हिंमतवाला, आकाराने लहान, जीव लावणारा. सगळे सारखेही नसतात. पिटबुलसुद्धा टेरिअरच, मार्च २०२४ मध्ये केंद्राने ज्या २३ जातींवर बंदीचं पत्र काढलं त्यात तो होता, आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. पण माझा मुद्दा जातीचा नाही, आपला आहे. जॅक रसेल तेरा-चौदा वर्षं सहज जगतो. सेकंड इयरला घेतलेलं पिल्लू म्हातारं होईल तेव्हा तुम्ही तिशी ओलांडलेली असेल. मधल्या काळात पुण्याची नोकरी, पीजी, लग्न, सगळं येणार. त्याला रोज तास-दीड तास पळवायचं. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, म्हणजे सकाळी सहाच्या आत नाहीतर अंधार पडल्यावर. दुपारचा डांबरी रस्ता त्याचे पंजे भाजून काढतो. असाईनमेंट रात्री तीनला संपवणारे आपण, पहाटे पाचला उठणार?

हचच्या जाहिरातीनंतर घरोघरी पग आले होते, आठवतं? चपट्या नाकाच्या त्या कुत्र्यांना विदर्भाच्या उन्हात श्वास घेताना काय होत असेल, हे कोणी विचारलं नाही. आता रील्समुळे टेरिअरची पाळी.

घरी अंगण असेल, दिवसभर कोणी ना कोणी असेल, आईबाबांनी मनापासून हो म्हटलं असेल, तर खुशाल घ्या. पिल्लाची आई डोळ्यांनी बघून घ्या. नुसती सोबत हवी असेल तर पिपरी मेघेच्या करुणाश्रमात एक चक्कर मारा, नाहीतर गल्लीतल्या गावठीकडे बघा. उन्हाचं त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आमचा हिरो आता देवळीकडे रूममेटच्या मामांच्या शेतात असतो. तुरीच्या पोत्यांमागचे उंदीर धरतो, बांध उकरतो, मामा त्याला ‘साहेब’ म्हणतात. रूममेट दर रविवारी व्हिडिओ कॉल लावते. मामा फोन त्याच्या तोंडासमोर धरतात. तो एकदा हुंगतो आणि परत पोत्यांकडे पळतो.