दावा आणि दाखला

फेब्रुवारी 2025 मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘मेजोराना 1’ नावाची चिप जगापुढे ठेवली आणि क्वांटम संगणक आता हाताशी आल्याचा डांगोरा पिटला गेला. परंतु त्याच वेळी कंपनीचा शोधनिबंध छापणाऱ्या ‘नेचर’ नियतकालिकाने, या निष्कर्षांतून मेजोराना अवस्थांच्या अस्तित्वाचा पुरावा मिळत नाही, असे समीक्षणपत्रांत नमूद केले होते. डांगोरा सर्वांनी ऐकला. ही नोंद थोड्यांनीच वाचली.

मूळ शास्त्र मात्र डांगोऱ्याहून अधिक मनोवेधक आहे. अतिशीत पाऱ्याचा विद्युत्‌रोध नाहीसा होतो, हे कामरलिंग ओनेस यांना 1911 साली आढळले. अशा पदार्थात इलेक्ट्रॉन जोडीने वाहतात. स्फटिकातील अणूंची मांडणी मध्यबिंदूच्या दोन्ही अंगांना सारखी असेल, तर त्या जोड्यांना विरुद्ध फिरकीचा अथवा समान फिरकीचा, असा एकच प्रकार पत्करावा लागतो. ही केंद्रीय समता नसलेल्या स्फटिकात दोहोंचे मिश्रण संभवते. व्हिएन्नाच्या एर्न्स्ट बाउअर आणि सहकाऱ्यांनी सिरियम, प्लॅटिनम व सिलिकॉन यांच्या अशाच एका संयुगात 0.75 केल्व्हिन तपमानाला अतिसंवाहकता असल्याचे 2004 साली दाखवले आणि या संशोधनाला वेग आला. मिश्रणात समान फिरकीचा अंश वरचढ ठरला, तर पदार्थाच्या कडेवर किरकोळ दोषांनी न पुसल्या जाणाऱ्या अवस्था उद्भवाव्यात, असे गणित सांगते. त्यांत साठवलेली माहिती सहसा बिघडणार नाही, ही क्वांटम संगणकाची आशा.

आशा म्हणजे सिद्धी नव्हे. केंद्रीय समता भंगलेल्या सूक्ष्म तारेत मेजोराना अवस्था सापडल्याचा नेदरलँड्‌समधील डेल्फ्ट येथील गटाचा 2018 चा शोधनिबंध 2021 साली मागे घ्यावा लागला. काटेकोरपणात आपण उणे पडलो, हे लेखकांनीच कबूल केले. त्या कबुलीत शास्त्राची नामुष्की नसून प्रतिष्ठा आहे, असे आम्ही मानतो.

आपल्या देशालाही यातून बोध घेण्यासारखा आहे. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये राष्ट्रीय क्वांटम अभियानास 6,003.65 कोटी रुपये मंजूर केले. मुदत 2030-31 पर्यंतची. भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अशा असममित अतिसंवाहकांवर निष्ठेने काम चालते. स्फटिक वाढवणे, तो पुनःपुन्हा तपासणे, प्रतिकूल निष्कर्षही प्रसिद्ध करणे, हे काम वेळखाऊ असून त्याला टाळ्या मिळत नाहीत. अभियानाचा पैसा जनतेचा आहे. तो मुदतीच्या धाकाने घोषणांमागे धावला, तर मुदतीअखेर हाती घोषणाच उरतील. दाव्याला दाखल्याची जोड मागणे हा शास्त्रावरचा अविश्वास नव्हे. शास्त्राची रीतच ती आहे, आणि सरकारनेही तीच पाळावी.