टाकळ्याला सुपरफूड म्हणू नका!

पहिल्या दोन-तीन सरी पडल्या की आमच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे लोणावळ्याच्या ट्रॅफिकचा फोटो आणि दुसरी 'रानभाज्यांचे आश्चर्यकारक फायदे'. यंदा टाकळ्याचा नंबर लागला. मधुमेह, दमा, सांधेदुखी, वजन... एवढं सगळं एका जुडीत! खाली 'किमान १० जणांना पाठवा' हेही होतंच.

टाकळ्यावर माझा काडीचाही राग नाहीये. मेथीसारखी पानं, रात्र झाली की मिटणारी. पडीक प्लॉट, रस्त्याची कड, राडारोडा टाकलेली जागा, कुठेही कुणी न लावता उगवतो. कोवळा असताना खुडायचा, कांदा-लसूण-हिरव्या मिरचीवर परतायचा, वरून ओलं खोबरं. कोकणात फणसाच्या आठळ्याही घालतात. गोव्यात हाच 'तायकिळो'. वास जरा उग्र असतो, तो आवडून घ्यावा लागतो (मला आवडतो, आमच्या फ्लॅटमेटला नाही, त्यामुळे वाटणीचा प्रश्न येत नाही). नंतर पिवळी फुलं आणि लांब बारीक शेंगा येतात, तोवर पानं जून झालेली असतात.

औषध म्हणूनही तो खोटा नाही. संस्कृतात याला चक्रमर्द म्हणतात, 'दद्रुघ्न' असंही म्हणतात. दद्रु म्हणजे आपलं गजकर्ण. बिया ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून लावायची जुनी पद्धत आहे. त्यात क्रायसोफेनॉल नावाचं द्रव्य असतं, अँथ्राक्विनोन गटातलं. सोनामुखीने पोट साफ होतं ते याच गटातल्या द्रव्यांमुळे, आणि सोनामुखी ही टाकळ्याची जवळची नातेवाईक. तेव्हा 'टाकळ्याने पोट साफ होतं' म्हणणारी आजी हवेत बोलत नव्हती. पण पोट साफ होणं कुठे आणि मधुमेह बरा होणं कुठे? आणि गजकर्ण झालंच तर सरळ डॉक्टरकडे जा. स्टेरॉइड मिसळलेली क्रीमं परस्पर आणून लावल्यामुळे ते हल्ली फार हट्टी झालंय.

इथवर सगळं गमतीचं. खरी अडचण वेगळी आहे, तिचं नाव कासविंदा. टाकळ्याचाच भाऊबंद, तशाच पडीक जागी, तशाच पिवळ्या फुलांचा.

उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात वर्षानुवर्षं पावसाळा संपता संपता लहान मुलं अचानक आजारी पडायची. उलट्या, मग शुद्ध हरपायची आणि बरीचशी काही दिवसांत दगावायची. मेंदूज्वर समजून उपचार चालायचे. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ, वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं, की ही मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खात होती. त्यातल्या विषाने यकृत, स्नायू आणि मेंदूवर एकदम घाला पडायचा. पुढे ओडिशात मलकानगिरी जिल्ह्यात २०१६ मध्ये शंभरावर मुलं गेली, तिथेही जपानी मेंदूज्वराच्या जोडीला याच बियांकडे बोट दाखवलं गेलं. आणि नावं बघा: उडियात टाकळा म्हणजे 'चाकुंडा', तर कासविंदा 'बडा चाकुंडा'. आमच्या धंद्यात दोन व्हेरिएबल्सना इतकी जवळची नावं दिली तर कोड रिव्ह्यूमध्येच कुणीतरी आडवा येतो.

अजून एक. टाकळ्याच्या बियांपासून एक डिंक करतात, कॅशिया गम. भारतातून तो बाहेर जातो आणि कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाण्यात घट्टपणासाठी वापरतात. माणसांच्या खाण्यासाठी युरोपात त्याला ई ४२७ असा नंबर आहे, आणि नियमात स्पष्ट लिहिलंय की त्यात कासविंदा ०.०५ टक्क्यापेक्षा कमी हवा. किलोला अर्धा ग्रॅमसुद्धा नको! तिकडच्या पुडिंगसाठी एवढी काळजी, आणि आपल्याकडचा फॉरवर्ड ना झाडाचा नीट फोटो देतो, ना पान खायचं की बी ते सांगतो, ना कुठल्या महिन्यात ते. माझा आक्षेप आहे तो यालाच. 'सुपरफूड' म्हटलं की पावडर येते, कॅप्सूल येते, बारमाही मागणी येते आणि 'कोवळं पान, पावसाच्या सुरुवातीला, भाजी म्हणून' ही अट पहिली गळून पडते. सगळी सुरक्षितता त्या अटीतच तर होती.

ओळखायची साधी खूण: टाकळ्याच्या देठावर बहुधा पानांच्या तीन जोड्या, टोकाकडे गोलसर. कासविंद्याच्या चार-पाच, टोकदार. पण माझ्या भरवशावर खुडायला जाऊ नका हं. ज्यांना हे बघताक्षणी कळतं त्या कातकरी, ठाकर, वारली बायका पावसाळ्यात स्टेशनाबाहेर टोपली घेऊन बसलेल्या असतात. त्यांच्याकडून घ्या, आणि दहा-वीस रुपयांच्या जुडीत पाच रुपये सोडवायला जाऊ नका. कुठून खुडली तेवढं विचारा. हायवेच्या कडेची किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरची नको. आणि 'आता जून झालाय, नका घेऊ' असं मावशीच म्हणाल्या, तर टोपलीत दुसरं काय आलंय ते बघा.