‘रागाच्या भरात’ म्हणे!


परवाच्या अंकात पुन्हा तेच : ‘क्षुल्लक कारणावरून रागाच्या भरात पत्नीला मारहाण’. ही ओळ वार्ताहर लिहितात की तिचा शिक्का करून ठेवलाय?

आमच्या गावातल्या एकाचे सांगते. धान घेऊन तीन दिवस खरेदी केंद्रावर ताटकळला. बाबू चारचौघांत वाट्टेल ते बोलला, तरी हा हात जोडून ‘साहेब, साहेब’. संध्याकाळी घरी आला, आधी दाराला कडी घातली आणि मग भाजीत मीठ कमी म्हणून बायकोला झोडपले. भान सुटलेला माणूस कडी घालतो का? राग सकाळीच आला होता; बाबूवर काढायची छाती नव्हती. दारूचेही तसेच. मोहाची ढोसून कुणी सरपंचाच्या कानशिलात लगावल्याचे मी तरी ऐकले नाही.

गोंदियातल्या सूर्याटोल्याचे प्रकरण आठवा. फेब्रुवारी २०२३. माहेरी आलेली बायको, सासरा आणि पोटचे लेकरू, तिघांना एकाने रात्री पेट्रोल ओतून जाळले. मे २०२४ मध्ये गोंदियाच्या न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. पेट्रोल काय रागाच्या भरात हाती लागते? ते आणावे लागते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगते, मार सोसणाऱ्या बायकांपैकी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. शंभरातल्या चौदा! आणि त्या चौदांतली एखादी गावातली भांडणे गावातच मिटवणाऱ्या तंटामुक्त समितीपुढे गेली की पहिला प्रश्न, ‘तू काय बोलली होतीस?’ मग समजूत, कागदावर सही, चहा, आणि बाई परत त्याच घरी. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, तंटामुक्तीची मोहीम २००७ ची. म्हणजे कायदा आधीचा, तरी त्या कायद्यात बाईच्या मदतीला संरक्षण अधिकारी नावाचा कुणी असतो हे समितीला ठाऊक नसते.

त्या धानवाल्याच्या घरातला चौथीतला मुलगा हे सगळे बघतो. मागच्या आठवड्यात त्याने धाकट्या बहिणीची वेणी धरून ओढली. तोंडातली शिवी अक्षरशः बापाची. आजी कौतुकाने म्हणाली, ‘तापट आहे पोरगा.’

संपादकसाहेब, ‘रागाच्या भरात’ हे शब्द गाळा. ‘मारले’ एवढे पुरते. आणि अशा प्रत्येक बातमीखाली ११२ हा मदतीचा क्रमांक छापा. सोन्याच्या भावाला रोज जागा मिळतेच.

— एक निवृत्त शिक्षिका, ता. आमगाव, जि. गोंदिया