इम्युनिटीचा व्हॉल्यूम वाढवून मिळेल!

आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) अ‍ॅक्युपंक्चर शिबिरांची पत्रकं अधूनमधून हातात पडतात. मजकूर ठरलेला: सुया टोचा, प्रतिकारशक्ती वाढवा, साइड इफेक्ट शून्य! वर हार्वर्डने सिद्ध केलंय म्हणे.

गंमत बघा, संशोधन खरं आहे. आणि तेच या पत्रकाच्या विरोधात जातं.

हार्वर्डच्या चिउफू मा यांच्या टीमचा पेपर २०२१ साली 'नेचर'मध्ये आला. जिवाणूंचं विष दिलेल्या उंदरांच्या मागच्या पायात, गुडघ्याखालच्या 'एसटी ३६' बिंदूवर, सुईतून हलका करंट सोडला. तिथल्या ठरावीक मज्जातंतूंमुळे व्हेगस नर्व्ह जागी झाली, निरोप अ‍ॅड्रिनल ग्रंथीपर्यंत पोचला आणि अंगातला दाह कमी झाला. ते मज्जातंतू काढून टाकलेल्या उंदरांत हा परिणाम नाही. पोटावरच्या बिंदूला तेवढाच करंट दिला, तरीही नाही. झकास डीबगिंग!

पण यात प्रतिकारशक्ती 'वाढली' कुठे? उलट तिचा अतिरेक आवरला गेला. आमवातात हीच शक्ती आपल्याच सांध्यांवर उठते. ती आणखी वाढवून काय करायचंय?

आणि साइड इफेक्ट शून्य? याच टीमचं २०२० सालचं काम बघा. पोटावरच्या बिंदूला जोराचा करंट आजाराआधी दिला तर दाह कमी झाला, आजार भरात असताना दिला तर वाढला. ज्याने गुण येऊ शकतो त्याने अपायही होऊ शकतो, इतकं साधं आहे.

"अहो, सरकारमान्य आहे!" आहे की. महाराष्ट्राने २०१५ साली अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा केला. पण कायद्याने उपचाराला मान्यता मिळते, पत्रकातल्या प्रत्येक दाव्याला नाही. दावा सिद्ध कसा करतात? व्हेगस नर्व्हला करंट देणारं एक यंत्र अमेरिकेच्या एफडीएने २०२५ साली आमवातासाठी मंजूर केलं, तेही २४२ माणसांवर चाचणी झाल्यावर.

उंदीर म्हणजे आपला टेस्ट सर्व्हर. तिथे चाललं म्हणून कोणी थेट प्रॉडक्शनला टाकतं का?

दुखणं कमी व्हावं म्हणून सुया टोचून घ्यायच्या तर खुशाल घ्या. पण पत्रक वाचून आईची आमवाताची गोळी बंद करू नका. एकदा झिजलेला सांधा रोलबॅक होत नाही.